दोन किलोतले चाळीस ग्रॅम

"लिहा, भाऊजी," दादा म्हणाले. "'ज्याच्या नजरेतून मुंगीचा लंगडा पायही सुटत नाही, ज्याचं नाव ऐकून कुलपं आपणहून खरं बोलू लागतात, असा हा पुरुष त्या सकाळी चहा पीत बसला होता.' लिहिलंत?"

मी लिहिलं. त्या वेळी दादांचा चष्मा हरवलेला होता आणि तो त्यांच्या कपाळावर होता, एवढं गाळलं.

दादा माझ्या बायकोचे थोरले भाऊ. त्यामुळे सहायकपदाचा राजीनामा कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न गेली सहा वर्षं सुटलेला नाही. नोंदी ठेवणं आणि पाटी वाहणं ही माझी कामं. पाटी जाड लोखंडी पत्र्याची, तीन किलोची. तिच्यावर पांढऱ्या रंगात चार ओळी आहेत: 'गरुडदृष्टी', 'रहस्यभेदक', 'आजवर एकही चूक नाही' आणि तळाला 'बाहेर असल्यास शेजारी विचारावे'. ही पाटी घटनास्थळी टांगल्याशिवाय दादांना सुचत नाही. टांगल्यावरही सुचत नाही, पण तो वेगळा मुद्दा.

सव्वादहाला कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार धापा टाकत आला.

"गरुडदृष्टी, माझं वजन कमी झालंय!"

दादांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. "पुरावा दिसत नाही."

"माझं नाही हो, दुकानातलं! दोन किलोचं वजन चाळीस ग्रॅमनं हलकं भरतंय. आणि बारा वाजता निरीक्षक शिक्के मारायला येतायत."

दुकानाच्या दारावर फळी आहे: 'तीस वर्षं, एक ग्रॅम कमी नाही.' हलकं वजन निरीक्षकांना सापडलं तर ती फळी उतरवावी लागणार, आणि फळी उतरलेल्या दुकानात कोण पाऊल ठेवणार? दुकानदार बोलता बोलता दोनदा डोळे पुसत होता.

आम्ही साडेदहाला दुकानात पोचलो. मागच्या खोलीत निळी प्लास्टिकची बादली होती. कपाटात पाणी शिरून सगळी वजनं गंजली होती. गॅरेजवाल्यानं त्यावर उपाय सांगितला होता: पाण्यात धुण्याचा सोडा घाला, बॅटरीच्या चार्जरच्या दोन तारा लावून वस्तू बुडवून ठेवा, गंज सुटतो. तीन दिवस प्रयोग चालू होता. काळ्या तारेला पाच किलोचं वजन लोंबत होतं, त्याचा गंज उतरून ते स्वच्छ काळंभोर झालं होतं. लाल तारेला दोन किलोचं होतं. ते पूर्वीपेक्षा मळकट आणि खडबडीत दिसत होतं.

"हे जरा हट्टी आहे," दुकानदार म्हणाला. "म्हणून मघाशी तोलून पुन्हा बुडवलं."

मी पाटी खिळ्याला टांगली. दादांनी चार्जर बंद करायला लावला, बादलीत बोट बुडवलं आणि चाखलं.

"तुरट. हे अश्रू आहेत."

"सोडा आहे," मी म्हणालो.

"सोडा घालून लपवलेले अश्रू. समोरचा दुकानदार रोज कानशीनं तुमचं वजन घासतो आणि पश्चात्तापानं इथेच रडतो."

"तो महिनाभर गावाला गेलाय."

"मग उंदीर."

"लोखंड खाणारा?"

"अशक्त उंदीर. डॉक्टरांनी लोह सांगितलंय." मी लिहून घेतलं. दादा गर्रकन वळले. "थांबा! कमी वजनाचा फायदा कुणाला? विकणाऱ्याला! चोर तुम्हीच आहात!"

"मी? मग मी तुम्हाला बोलवीन कशाला?"

"हीच तर तुमची हुशारी."

दुकानदार पोत्यावर बसला. अकरा चाळीस झाले होते. तेवढ्यात दुकानदाराची बायको फडकं घेऊन आत आली.

"झालं का तुमचं? बादली द्या. साहेब यायच्या आत फरशी पुसायचीय."

"वहिनी, पुराव्याला हात लावू नका!"

वहिनींनी वजनं बाहेर काढली आणि पाणी मोरीत ओतू लागल्या. तळाला गंजाच्या रंगाचा दाट गाळ होता. त्यांनी बादली सरळ केली.

"अहो, तुमचे चाळीस ग्रॅम इथे आहेत."

"कुठे?"

"या चिखलात. लाल तारेला भंगार लोखंड लावा, ते झिजतं, असं गॅरेजवाल्यानं माझ्यादेखत सांगितलं होतं. तुम्ही काय लावलंत?"

दुकानदार खाली बघत म्हणाला, "तार रिकामी कशाला ठेवायची? एका सोड्यात दोन्ही निघाली असती."

"यांचं कायम असंच," वहिनी मला म्हणाल्या. "छत्री एकाला उघडली की दुसऱ्याला हाक मारणार. शेवटी दोघं भिजणार."

"माझाही निष्कर्ष हाच होता," दादा म्हणाले. "फक्त उंदराच्या मार्गानं येत होतो."

बारा वाजता निरीक्षक आले. दुकानदार ते वजन पोत्यामागे सरकवत होता. वहिनींनी ते काढून टेबलावर ठेवलं, शेजारी बादलीही ठेवली.

"साहेब, हे दोन किलो. बरंचसं वजनात आहे, थोडं बादलीत."

निरीक्षकांनी बादलीत वाकून पाहिलं. "बादलीला शिक्का मारता येत नाही. या वजनानं काही विकलंत?"

"तीन दिवस ते पाण्यातच आहे."

"तळाच्या खोबणीत शिसं भरून आणा, मग बघू. तोवर वापरायचं नाही." पाच किलोच्या वजनावर त्यांनी शिक्का मारला. "बाकीचीही अशीच साफ करा. पुढच्या सोमवारी येतो." जाताना फळीकडे पाहून म्हणाले, "राहू द्या."

दुकानदार मग खरोखर रडला. दादा म्हणाले, पाणी तुरट होतं ते यामुळेच.

वहिनींनी बादलीत नवं पाणी आणि सोडा घातला, किलोचं वजन काळ्या तारेला अडकवलं आणि विचारलं, "काही निरुपयोगी लोखंड आहे का कुणाकडे?"

दादा पुढच्या दालनात मुलाखत देत होते, म्हणजे एका गिऱ्हाईकाला थांबवून बोलत होते. मी खिळ्यावरची पाटी काढली. लाल तारेचा चिमटा कोरडा राहावा म्हणून ती उलटी टांगली आणि तळाची ओळ तेवढी पाण्याबाहेर ठेवली.

सोमवारी सगळ्या वजनांवर शिक्के बसले. पाटी आम्ही घरी आणली. आता ती जरा हलकी लागते. दादांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पत्रा दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि मला नवी वही काढायला सांगितली. तीन ओळी चोरीला गेल्या होत्या.

उरलेली ओळ स्वच्छ वाचता येत होती: 'बाहेर असल्यास शेजारी विचारावे'. मी तिच्याप्रमाणे वागलो. पाटी उचलली आणि बाकीच्या ओळी कुणी नेल्या, ते शेजारी विचारायला गेलो.