सवयीचा सभात्याग

"उद्या या वेळी तू मंत्र्याची बायको असशील!" आरशासमोर जाकिटाची बटणं लावत आमदारांनी जाहीर केलं. "राजकारणात पाय केव्हा उचलायचा आणि कुठे टेकवायचा, एवढं कळलं की झालं!"

बायकोने मनातल्या मनात सरकारी बंगल्याचे पडदेसुद्धा निवडून टाकले होते. लेक मात्र चहाचा कप उचलून आत निघून गेली. बाबांनी मागच्या आठवड्यात जुना पक्ष सोडून सरकारच्या बाजूला जागा पटकावली, तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. ती शाळेत शिकवायची. पक्ष सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्गात गेली, तर फळ्यावर ठळक अक्षरांत 'गद्दाराची मुलगी' लिहिलेलं! तिने ते स्वतःच्या हाताने पुसलं आणि भूगोल शिकवायला घेतला. हे आमदारांच्या कानावर आलं होतं. मनाला लागलंही होतं. पण मंत्रिपद समोर दिसत असलं की असलं काही फार वेळ दुखत नाही.

आता या गृहस्थांची कारकीर्द म्हणाल, तर ती सगळी विरोधी बाकांवर गेलेली. निवडून यायचं, ओरडायचं आणि बाहेर पडायचं! सभात्यागात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. विरोधी पक्षनेत्याने टेबलावर कागद आपटले रे आपटले, की हे सगळ्यांच्या आधी उठणार, "धिक्कार असो!" अशी आरोळी ठोकणार आणि दार गाठणार. बाकीचे मागून. सभागृहात त्यांना 'तोफ' म्हणत. या तोफेने कधी एखादं विधेयक अडवल्याचं मात्र कोणाला आठवत नाही.

त्या दिवशी सरकारवरच्या विश्वासाचं मतदान होतं. ते पार पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी शपथविधी. तोफ आपल्या नव्या जागेवर, थेट मुख्यमंत्र्यांच्या पाठीमागे बसली होती. बाक मऊ, दुपारचं जेवण जड आणि भाषणं लांबलेली. डोळा कधी लागला, कळलंसुद्धा नाही.

आणि पलीकडे विरोधी पक्षनेत्याने कागद आपटले. धाड्!

तोफ ताडकन उठली. "धिक्कार असो! या नालायक सरकारचा धिक्कार असो!" मुख्यमंत्र्यांच्या कानाशीच आरोळी ठोकून ती दाराकडे सुटली. शेजारच्याने घाबरून जाकीट धरलं, तर एक बटण त्याच्या हातात राहिलं. बाहेर पायऱ्यांवर उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली, तेव्हा कुठे आमदारांना जाग आली.

ते आल्या पावली मागे धावले. दारावरचा शिपाई कडी घालून उभा!

"दार उघड! मला मत द्यायचंय!"

"मतदानाची घंटा झाली, साहेब. आता मोजणी होईपर्यंत दार उघडत नाही. नियम आहे."

"अरे, मी सरकारचा माणूस आहे!"

"मग सरकारचा धिक्कार करत कशाला बाहेर आलात?" शिपायाने अगदी भाबडेपणाने विचारलं.

तेवढ्यात सभात्याग करून बाहेर आलेल्या जुन्या सोबत्यांनी त्यांना खांद्यावर उचललं. "मंत्रिपदाला लाथ मारली! आमचा वाघ परत आला!" कॅमेरे धावले. आमदार दोन्ही हात हलवून 'नाही, नाही' म्हणत होते. फोटोत ते अभिवादन दिसलं.

आत सरकार आरामात जिंकलं. तोफेचं मत कमी आहे, हे मोजताना कोणाला जाणवलंही नाही म्हणे!

संध्याकाळी आमदार घरी आले, तेव्हा बायको दार लावून रडत होती. लेक मात्र पुढे धावली आणि त्यांच्या गळ्यातच पडली.

"बाबा! आज शिक्षकांच्या खोलीत सगळे उभे राहिले हो, टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं तुम्ही विकले गेलात. चुकलं माझं."

आमदारांनी तिला थोपटलं. खरं काय ते सांगून टाकावं असं क्षणभर वाटलंही. "अगं, माणसाला शेवटी मन असतं," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाही ते पटायला लागलं. तिने इतक्या प्रेमाने त्यांच्याकडे कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मुख्यमंत्री!

"काय हा तमाशा?"

"साहेब, सवय हो! डोळा लागला होता, पाय आपोआप..."

"झोपलो होतो म्हणून सांगू नका! सगळं सरकारच झोपलंय असं छापतील. पोट बिघडलं होतं, म्हणून धावलात. फाटकाशी पत्रकार उभे आहेत ना? आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा. मंत्रिपद अजून तुमचंच आहे."

"आणि धिक्काराचं काय सांगू?"

"कळ आली होती! कळ आली की माणूस वाट्टेल ते ओरडतो."

लेक समोरच उभी होती. आमदारांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि जाकीट चढवलं. सांगायला लाज वाटते, पण त्यांना विचार करायला फारसा वेळ लागला नाही.

"तत्त्व वगैरे काही नाही हो!" ते फाटकाशी जाऊन म्हणाले. "जुलाब! सकाळपासून!" आता तोफेच्या हाती माईक आला म्हणजे ती थोडक्यात आटोपते होय? कळ कुठून निघाली आणि कुठे गेली, किती खेटे घातले, अंगातलं त्राण कसं गेलं, आत्ता या क्षणीही पायांवर कसं उभं राहवत नाही, सगळं सगळं रंगवून सांगितलं. खिडकीत उभ्या लेकीने पडदा ओढून घेतला.

सकाळी आमदार नवं जाकीट घालून तयार बसले, तोच पुन्हा फोन आला.

"शपथविधी बराच वेळ चालतो हो. तुम्हाला तर उभं राहवत नाही, हे सगळ्यांनी ऐकलंय. मध्येच धावलात तर शोभा होईल. तुमच्या जागी दुसऱ्याला घेतलंय. आराम करा."

"साहेब, मी ठणठणीत आहे! मला काहीही झालं नव्हतं!"

"म्हणजे काल तुम्ही जनतेशी खोटं बोललात?" मुख्यमंत्र्यांचा आवाज गंभीर झाला. "असा माणूस मंत्रिमंडळात कसा चालेल?"

बैठकीची खोली तोवर भरली होती. प्रकृतीची चौकशी करायला कार्यकर्ते, पत्रकार, शेजारी, सगळे हजर! तेवढ्यात शाळेत जायच्या तयारीत लेक बाहेर आली. तिच्या हातात काठोकाठ भरलेला मीठ-साखरेच्या पाण्याचा मोठा पेला होता. तो तिने बाबांसमोर ठेवला आणि ती निघून गेली.

सगळे बघत होते. आमदारांना तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यावा लागला.