आकाश उणे सव्वा

चार वाजता संचालक येणार होते आणि दोन वाजता संशोधक ताईंचं आकाश उणे सव्वा अंश निघालं!

हे उणे साधंसुधं नव्हे. जिथून खाली उतरायला थंडीलाही पायरी उरत नाही, त्या तळापासून हे अंश मोजायचे असतात.

"ताई, तळघराखाली आणखी तळघर निघालं की हो!" तंत्रज्ञ म्हणाला.

"दात काय काढतोस? अधिक पावणेतीन यायला हवं!"

विश्वाच्या जन्माची ऊब अजून आकाशभर तेवढी उरली आहे. ती गच्चीवरच्या कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनानं मोजून दाखवली नाही, तर कर्णा भंगारात आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या, असं संचालकांनी बजावलं होतं.

ताईंनी कर्णा तिरका करून हवेची ऊब पुन्हा मोजली, वजा केली. उणे. थंड माप म्हणून ठेवलेलं द्रव नायट्रोजनचं भांडं नव्यानं भरलं. उणेच. मग अडथळा नको म्हणून खालच्या तिन्ही मजल्यांवरचे मोबाइल बंद करायला लावले. आकाश तसूभर हललं नाही. खाली मात्र उणे आकाशाची कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात सासूबाई विसरलेला डबा घेऊन धापा टाकत वर आल्या. "अगं, तो काळा स्पंज वाळला का?"

काळा स्पंज म्हणजे या कामातलं गरम माप. तो कर्ण्यापुढे धरायचा, हवेचं तापमान तेच त्याचं मानायचं आणि त्यावरून आकाश जोखायचं. उसवलेली कड शिवायला ताईंनी तो काल घरी नेला होता आणि सकाळी पिशवीसकट तंत्रज्ञाच्या हाती दिला होता.

"वाळला का म्हणजे?"

"शिवला आणि चांगला खळखळून धुतला. शी, किती कळकट ठेवता गं!"

ताईंनी स्पंज दाबला, तशी पायावर धार लागली. जाड हातमोज्यांमुळे तंत्रज्ञाला ओल कळलीच नव्हती. नेहमीच्या थर्मामीटरनं हवा सत्तावीस अंश आणि वाऱ्यावर निथळणारा स्पंज तेरा! खरा आकडा घालून गणित केलं, तर आकाश बरोबर पावणेतीनाच्या आसपास. ताईंनी सासूबाईंना मिठीच मारली.

चारच्या ठोक्याला संचालक हजर. "कुठाय ते उणे आकाश? वार्ताहर बोलावलेत मी!"

"सर, ते चुकलं होतं. आता बरोबर आलंय."

"बरोबर काय ते तर सगळ्यांना माहीतच आहे! त्यांना आता सांगू काय?"

सासूबाई पदर सावरत पुढे झाल्या.

"सांगा की, आकाश होतं तसंच आहे. त्याच्यात खोट नाही, माप आमचंच ओलं होतं."

संचालकांनी घाम पुसला. "आजी, हे तुम्हीच सांगाल का त्यांना? तुमच्या तोंडी शोभेल."

"सांगेन की. फक्त या गच्चीवर टाक्या येणार असतील, तर तेही सांगावं लागेल."

संचालकांनी वर आकाशाकडे पाहिलं.

"कसल्या टाक्या?" ते म्हणाले.