मी मीटर जप्त केलं!

मापात मला फसवणं सोपं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वजने व मापे खात्यात निरीक्षक म्हणून मी बारा वर्षं काढली आहेत. जळगावच्या दाणाबाजारात मी नुसता सायकलवरून उतरलो तरी पाच-सात तराजूंची पारडी आपोआप सरळ होतात! पारड्याखाली चिकटवलेली चिंच मी लांबून ओळखतो. माणकचंद शेटजींसारखा मुरलेला व्यापारी, पण त्यांचा पितळी तराजू मी भर गिऱ्हाइकीत उचलून नेला होता. तेव्हापासून ते मला बघून हात जोडतात आणि मी पुढे गेलो की दात खातात.

अशा माणसाच्या घरात, एकोणसत्तर सालच्या पौषात, चौसष्ट रुपये विजेचं बिल आलं!

चौसष्ट! घरात चाळीस वॉटचे चार दिवे आणि एक रेडिओ. तो रेडिओसुद्धा अर्धा वेळ घसा खरवडत बसतो. पिंप्राळ्यात आम्ही दसऱ्याला राहायला आलो, तेव्हा पहिलं बिल आलं सात रुपये. पुढचं बत्तीस. आणि आता हे!

"मंदा! आपल्या घरात कोणी गिरणी टाकलीय का?"

मंदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी भरून टाका. मग सावकाश चौकशी करा."

"भरून टाका? अगं, हे खोटं माप आहे! दुकानदारानं छटाक मारली तर मी खटला भरतो. आणि इथं सरकारी मीटर माझा गळा कापतंय, तर मान पुढे करू?"

"मान नका करू. पण वीज कुठंतरी जातच असेल ना?"

बायकांना मापशास्त्र कळत नाही, असं मी त्या वेळी मनात म्हणालो. मनातच म्हणालो, हे एक बरं झालं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून वीज कचेरीत गेलो. बिलाच्या खिडकीत रतिलाल नावाचे कारकून होते. तोंडात पान, समोर वह्यांचा ढीग, आणि त्या ढिगाच्या वर त्यांचे फक्त डोळे.

"हे बिल चुकलंय," मी म्हणालो.

"बिल चुकत नाही."

"मग मीटर चुकलंय."

"मीटरही चुकत नाही."

"मग काय मी चुकलोय?"

रतिलालनी पान या गालातून त्या गालात नेलं. "ते मी कसं सांगू? नाव काय आपलं?"

"जीवराम फिरके."

"हं. फिरकेसाहेब, मीटरमध्ये एक चकती असते. ती फिरली की युनिट पडतं. आपल्या नावातच आहे, म्हणून सोपं करून सांगितलं."

मागच्या रांगेत खसखस पिकली. माझ्या कानशिलांवर पापड भाजले असते! "मी वजनमापे खात्याचा निरीक्षक आहे!" मी गरजलो.

"मग तर आपल्याला ठाऊकच असेल," रतिलाल शांतपणे म्हणाले. "तक्रार करायची तर अर्ज द्या. मीटर तपासायला धुळ्याला जाईल. नंबर लागायला दोन-तीन महिने. तोवर बिल भरत राहा. पुढचे कोण?"

दोन-तीन महिने! माझ्यासमोर तराजू आला तर दोन मिनिटांत निकाल लागतो! घरी येईपर्यंत मी सायकलच्या घंटीवर इतका राग काढला की पिंप्राळ्याच्या वाटेवर दोन म्हशी उधळल्या.

त्याच दुपारी मी स्वतः तपासणी केली. घरातले सगळे दिवे बंद केले. रेडिओची पिन काढली. मग स्टुलावर चढून मीटरच्या काचेला नाक लावलं.

चकती फिरत होती!

सगळं बंद, आणि चकती आपली गरगर, गरगर! लग्नात बँड लागल्यावर वराचा मामा जसा कोणी न सांगता नाचतो, तशी!

"सापडला! चोर सापडला!" मी ओरडलो. "मंदा, साक्षीदार बोलाव!"

साक्षीदार बोलवावे लागलेच नाहीत. "चोर" ऐकून अर्धी गल्ली काठ्या घेऊन आली. नेमके माणकचंद शेटजीही उधारी वसूल करायला पलीकडच्या घरी आले होते, तेही आत घुसले. मी प्रत्येकाला स्टुलावर चढवून चकती दाखवली. लोक रांगेनं चढत होते, वाकून बघत होते आणि हात जोडून उतरत होते. देवळातला रिवाज अंगात मुरलेला!

माणकचंद उतरले ते डोळे पुसतच. "अरेरे साहेब! आपल्यालाच काटा मारला? आता न्याय कुठं मागायचा माणसानं?"

त्यांचा आवाज दुःखाचा होता, पण पोट हसत होतं. मला ते दिसत होतं. माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. खोटं माप समोर, साक्षीदार समोर, पंचनाम्याचे कागद पिशवीत. बारा वर्षांत अशा वेळी मी एकच गोष्ट केलेली आहे.

मी मीटर जप्त केलं!

मंदा "अहो, अहो" करत राहिली. मी मेणबत्ती पेटवली, लाख वितळवली, मीटरच्या झाकणावर दोरी गुंडाळली आणि खात्याची पितळी मोहोर दाबली. खाली चिठ्ठी चिकटवली: 'सदर माप सदोष असल्याचे संशयावरून जप्त. हात लावू नये.' पंच म्हणून पहिली सही माणकचंदांनी केली. असं वळणदार अक्षर त्यांनी वहीत कधी काढलं नसेल.

त्या रात्री मी अगदी राजासारखा झोपलो.

चौथ्या दिवशी वीज कचेरीचा वायरमन आला. छगन त्याचं नाव, धुळ्याकडचा, अंगकाठी शिडीसारखी. मीटरवरची दोरी त्यानं वाकून पाहिली, मग लाख पाहिली.

"साहेब, हाई काय शे?"

"जप्ती."

"कोनी करी?"

"मी."

छगननं कपाळाला हात लावला. "आरे देवा! मीटरले हात लावना म्हंजे गुन्हा शे साहेब! बठ्ठं कचेरीमा सांगनं पडी. मी काय करू? मना पोटना सवाल शे!"

त्यानं सांगितलं, आणि 'बठ्ठं' म्हणजे अगदी सगळं सांगितलं. दोन दिवसांत नोटीस आली: ग्राहकानं मीटरशी छेडछाड केली, सबब वीजचोरीचा संशय. वीजचोरीचा! माझ्यावर! आणि नोटिशीची एक नक्कल माझ्या वरिष्ठांना! साहेबांनी मला बोलावून घेतलं, नक्कल माझ्यापुढे सरकवली आणि इतकंच म्हणाले, "फिरके, खात्याची मोहोर घरच्या भांडणात वापरलीत. आठ दिवसांत हे प्रकरण मिटलं नाही तर मला वर लिहावं लागेल."

वर लिहिणं म्हणजे बारा वर्षांची नोकरी गुंडाळणं. पण राग काही गुंडाळला गेला नाही. उलट वाढला! चोर ते, आणि खुलासा मी द्यायचा?

छेडछाडीचं प्रकरण म्हटल्यावर एक मात्र झालं. दोन-तीन महिन्यांचा नंबर सहा दिवसांवर आला. छगन मीटर काढायला आला तेव्हा मी कोट घालूनच बसलो होतो.

"मीही येणार धुळ्याला. वाटेत कोणी काटा सरळ केला तर?"

"कोन करी साहेब? मी?" छगन दुखावला.

"तू नाही रे. पण माप नजरेआड करायचं नाही, हा आमचा नियम आहे."

मंदानं मीटर धक्क्यानं बिघडू नये म्हणून जुन्या दुपट्यात गुंडाळून दिलं. एस.टी.त मी ते मांडीवर घेऊन बसलो. एरंडोलपर्यंत ठीक चाललं. पुढे कंडक्टर आला.

"लेकरू किती वर्षांचं?"

"लेकरू नाही, मीटर आहे."

"काय आहे?"

शेजारच्या बाईंनी दुपट्याचं टोक उचलून आत बघितलं आणि "अगं बाई!" म्हणून बाक बदलला. पारोळ्यापर्यंत सगळ्या गाडीत पसरलं की मागच्या बाकावर एक वेडा माणूस घड्याळाला झोपवतोय, आणि सोबत त्याला सांभाळायला एक उंच माणूस दिलाय. छगननंही ते नाकारलं नाही. कोणी विचारलं की तो नुसता मान हलवायचा.

धुळ्याच्या तपासणी खोलीत एक तरुण इंजिनिअर होते. त्यांनी दुपटं उघडलं, माझी लाख पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली.

"ही वजनमापे खात्याची मोहोर ना? तुमची मोहोर माप बरोबर असलं की मारतात, असं मी ऐकलं होतं."

"ती वेगळी! ही जप्तीची!"

"असं होय," म्हणत त्यांनी लाख खरवडून काढली आणि मीटर आपल्या यंत्राला जोडलं. तासभर चकती फिरली. ते घड्याळ बघत होते, आकडे मांडत होते. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो, आणि माझ्या खांद्यावरून छगन.

शेवटी इंजिनिअर म्हणाले, "तुमचं म्हणणं खरं आहे. मीटर सदोष आहे."

मी उडी मारली! खरोखरची! स्टूल पडलं. "लिहून द्या! सही-शिक्क्यानं लिहून द्या!"

त्यांनी तत्काळ लिहून दिलं. मी कागद छातीशी धरला. रतिलालच्या खिडकीत तो कसा आपटायचा, हे मी ठरवूनसुद्धा टाकलं.

"दहा टक्के," इंजिनिअर म्हणाले.

"दहा टक्के जास्त! ऐकलंस छगन?"

"जास्त नाही. कमी. मीटर हळू चालतंय. तुमचं बिल चौसष्ट नको होतं, एकाहत्तर हवं होतं."

छगननं हळूच मला खुर्ची दिली.

"पण... सगळं बंद असताना चकती फिरते!"

"मग सगळं बंद नसेल," ते म्हणाले. ते जोरानं म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं.

परतीच्या गाडीत माझी मांडी रिकामी होती, मीटर धुळ्यालाच राहिलं होतं. पिंप्राळ्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मीटर काढून नेल्यामुळे घरात कंदील असणार, हे धरूनच मी दार ढकललं.

घरात दिवे लागले होते! भिंतीवर नवं मीटर होतं. आणि खाटेवर आमचे घरमालक तोताराम आबा बशीतून चहा पीत होते.

तोताराम आबा मूळचे फैजपूरचे, केळीचे व्यापारी. घराची पुढची बाजू आम्हाला भाड्यानं, मागची मोठी खोली त्यांनी कुलूप लावून केळी पिकवायला ठेवलेली.

"या, जीवरामभाऊ!" आबा म्हणाले. "तुम्ही माह्या केयी मारल्या अस्त्या आज!"

"मी? केळी?"

मंदानं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "तुम्ही मीटर घेऊन गेलात आणि तासाभरात आबा ओरडत आले. मागच्या खोलीतले दिवे गेले म्हणून."

"थंडीत केयी पिकत नाहीत ना भाऊ," आबा म्हणाले. "उबेसाठी शंभरा-शंभराचे चार दिवे लावेल आहेत. कार्तिकापासून, रात्रंदिवस. मी म्हनलं, मीटर तुमचं नेलं, दिवे माहे कायले गेले?"

"मी आबांचं विहिरीजवळचं मीटर जाऊन पाहिलं," मंदा म्हणाली. "चकती जागची हलत नव्हती, कोळ्यानं जाळं केलेलं. घराचे दोन भाग केले तेव्हा वायरिंगवाल्यानं मागची खोली आपल्याच मीटरवर जोडली. आबांना पत्ता नाही, आपल्याला पत्ता नाही."

"अन् मी म्हनत होतो, यंदा आपलं बिल कमी कसं आलं!" आबांनी मांडीवर थाप मारली. "म्हनलं, देव पावला! भाऊ, बठ्ठे पैसे मी देतो. मीटर तपासून वर काही निघेल तेबी देतो. पन रागावू नका."

रागवायचं कोणावर? पंधरा दिवस मी ज्याच्या त्याच्यावर रागावलो होतो. आता राग आयता हातात होता आणि ठेवायला जागा नव्हती! शेवटी वायरिंगवाल्यावर ठेवावा म्हटलं, तर तो सुरतला निघून गेलेला.

"पण हे नवं मीटर एका दिवसात कसं बसलं? आणि ती नोटीस?"

"मी आबांना घेऊन कचेरीत गेले," मंदा म्हणाली. "रतिलालभाऊ चांगले आहेत हो. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांच्या साहेबांना सगळं समजावलं. साहेब म्हणाले, चोरी नाही हे दिसतंच आहे, नोटीस मागे घेतो. तुमच्या खात्यालाही तसं उद्याच कळवतो. फक्त मोहोर का लावली, याचं काहीतरी कारण कागदावर पाहिजे."

"मग? काय कारण दिलंस?"

तिनं कपाटावरून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मजकूर रतिलालांच्या अक्षरात होता. मी वाचला. 'मला विजेच्या मीटरातील काहीएक समजत नसल्यामुळे अजाणतेपणी सदरची कृती माझेकडून घडली. तरी साहेबांनी उदार मनाने क्षमा करावी.'

"मी यावर सही करू? मी?"

आबा खिडकीबाहेर बघू लागले. मंदानं दौत-टाक माझ्याजवळ सरकवला आणि आठ दिवसांतले किती दिवस उरले, ते बोटांवर मोजलं. दोन उरले होते.

मी सही केली. जमेल तितकी बारीक, कोणाला वाचता येऊ नये अशी.

"अहो," मंदा वाकून म्हणाली, "सहीखाली हुद्दा लिहायला सांगितलाय. पूर्ण. त्याशिवाय चालत नाही म्हणाले."

म्हणून मग मी टाक पुन्हा दौतीत बुडवला, आणि माझ्याच हातानं, स्वच्छ अक्षरात, खाली लिहिलं: 'निरीक्षक, वजने व मापे, जळगाव.'