धुरपताबाईची बारा शब्दांची किल्ली

"आजपासून माझा उखाणा कुणाला फुकट मिळायचा न्हाई," असं धुरपताबाईनं ताडकळसच्या भर बाजारात, वांग्याच्या ढिगापुढं उभं राहून जाहीर केलं. वांगेवाला दचकला. त्याला वाटलं, भाव पाडायची ही नवी तऱ्हा असावी.

राग साधा नव्हता. उखाणे रचावेत तर धुरपताबाईनंच, पण आज रचलेला उद्या शेजारच्या कमलबाईच्या तोंडी. परवाच्या लग्नात तर हद्दच झाली. "पत्र्यावर पडल्या गारा, वाजला खणखण, मुंजाजीराव घोरले की जागी होते गल्ली पण" हा अगदी ताजा उखाणा. कमलबाईनं त्यातून मुंजाजीरावांना उचललं, आपल्या भुजंगरावांना बसवलं आणि आधीच म्हणून टाळ्या घेतल्या.

"त्या भुजंगरावाला रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई," धुरपताबाई घरी येऊन धुसफुसली. "घोरतंय कुठून?"

सून राजेश्री परभणीला कॉम्प्युटर शिकलेली. तिनं उपाय काढला. "आत्याबाई, तुमचे उखाणे ब्लॉकचेनवर टाकू. पहिली ओळ उघडी, दुसरी कुलपात. पैसे भरले तरच दुसरी दिसणार."

"आन् कमलबाई म्हणली, माझाच हाय, तर?"

"एकाच वेळी हजार ठिकाणच्या वह्यांत नोंद होते, की हा धुरपताबाईचा. ती नोंद कुणाच्या बापाला खोडता येत न्हाई."

हजार वह्या ऐकून धुरपताबाईला भरून आलं. चाळीस वर्षं चुलीपुढं बसून रचलं, पण एका वहीत कधी तिचं नाव लागलं नव्हतं. एकशे अकरा उखाणे कुलपात गेले.

त्या कुलपाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, मशीननं आपल्याच मनानं दिलेले. किल्ली सुनेकडं ठेवायची सवय धुरपताबाईला नव्हती. "मग पाठ करा," राजेश्री म्हणाली. "पण लिहायचे न्हाईत, अन् कुणापुढं बोलायचे तर मुळीच न्हाईत. ज्याला हे कळले, त्याला सगळे उखाणे उघडे."

पाठ कुठले व्हायला? दोन दिवस गाडी 'किचन'च्या पुढं सरकेना. तिसऱ्या दिवशी तिनं ते शब्द आपल्या पद्धतीनं वळणावर आणले आणि मग भांडी घासताना, शेंगा फोडताना आठवडाभर तेच पुटपुटत राहिली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कमलबाईच्या लेकीचं, मनीषाचं, डोहाळजेवण निघालं. चाळीस बाया जमल्या. धुरपताबाईकडं चाळीस मोबाईल वळले.

"घ्या नाव, धुरपताबाई," कमलबाई गोड आवाजात म्हणाली.

"ज्यांला ऐकायचंय त्यांनी पैसे भरावेत."

बाया खुदखुदल्या. कमलबाईनं पदर सावरला. "असू द्या गं. विहीर आटली त्यांची. आटलेल्या विहिरीला कुलूप घालून बसल्यात बिचाऱ्या."

हे मात्र झोंबलं. धुरपताबाईनं डोक्यातले उखाणे भराभरा चाळले. गारांचा कुलपात, शेळीचा कुलपात, सासऱ्याच्या काठीचा तर पहिल्याच दिवशी कुलपात. एकही बाहेर नाही. कमलबाई नाव घ्यायला उठते आहे असं दिसलं, तशी ती ताडकन उभी राहिली.

"कुलपातला एकबी देणार न्हाई. भायेरचा ऐका."

आणि जिभेवर जो तयार होता तो खणखणीत आवाजात आला:

"किचन, विंडो, टोमॅटो, गार्लिक, राइस,
मंकी, डाँकी, टायगर, बफेलो, पोलीस,
हजबंड माझे मुंजाजीराव, लय नाइस!"

मग जो हशा उसळला त्यानं मांडव हलला. "अजून एकदा, अजून एकदा" झालं. धुरपताबाईनं तीनदा म्हटला. तिसऱ्यांदा तर कमलबाईला नीट कळावा म्हणून सावकाश म्हटला. राजेश्रीच्या हातातला ओटीचा नारळ खाली पडला.

"आत्याबाई, ती किल्ली होती."

"असंल. कुलपातला एक तरी दिला का मी?"

दिवस मावळायच्या आत कुण्या रिकामटेकड्यानं मोबाईलवर हे सगळं ऐकून त्यातले बाराही इंग्रजी शब्द कुलपाला लावले. एकशे अकरा उखाणे मोबाईलमोबाईलवर फुकट फिरायला लागले. राजेश्री रडकुंडीला आली. धुरपताबाई मात्र खांबासारखी ताठ.

"त्या वह्यांत पहिलं नाव कुणाचं हाय?"

"तुमचंच. ते पुसत न्हाई."

"मग वाचू दे की मेल्यांना. माझाच म्हणून वाचतील."

हा ताठा पुढच्या बाजारापर्यंत टिकला. तिथं बांगडीवालीनं मोबाईल पुढं केला. आवाज धुरपताबाईचा, पण ओठ हलवणारी कुणी भलतीच. सोनपेठची नवरी, राणीसावरगावची अंगणवाडीची बाई, ताडकळसची आख्खी पोस्टाची गल्ली, सगळ्या लाजत, मुरकत म्हणत होत्या, "हजबंड माझे मुंजाजीराव, लय नाइस!" शेवटाला तर डोळ्यांत काजळ घालून खुद्द कमलबाई.

धुरपताबाई तरातरा घरी आली. मुंजाजीराव आरशापुढं बसून मिशीला कलप लावत होते. गेल्या चार दिवसांत ते घोरलेही नव्हते. मांडीवर मोबाईल, आणि त्यात कमलबाई.

"बरं म्हणायलीय की," ते म्हणाले.

धुरपताबाई तशीच मागं फिरली. स्वयंपाकघरात जाऊन सुनेच्या कानाशी लागली.

"राजेश्री, त्या हजार वह्यांत ह्यांचीबी नोंद होतीय का गं? माझ्या नावावर."