अनिमेष साहेबांचा चौथा चहा

सोमवारी संध्याकाळी पावणेसात वाजता, घाटंजीतल्या आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरी, म्हणजे माझ्या घरी, वीज ऑफिसातले इंजिनिअर ओट्यावर बसून चौथा कप चहा पीत होते. समोर त्यांचा काट्याचा मीटर. शेजारी मी, उभा आणि खवळलेला.

(बातमीची सुरुवात अशीच करायची असते. कधी, कुठे, कोण, काय. तालुक्याचा वार्ताहर म्हणून माझं आयुष्य यातच गेलं. ‘का’ शेवटी येतं. या प्रकरणात ते आलं तेव्हा मला अजिबात आवडलं नाही.)

सगळं सुरू झालं आमच्या विजेच्या शेगडीपासून. साल दोन हजार सहा. गॅसचा नंबर लावून सिलिंडरची वाट पाहायची आणि रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून डब्याची राखण करायची, असे ते दिवस. लाइट यायची संध्याकाळी सहाला आणि नऊला जायची. त्या तीन तासांत सौ. नलूचा सगळा स्वयंपाक शेगडीवर. आणि ऐन हरभऱ्याची उसळ चढलेली असताना शेगडीची कॉइल तुटली.

“देवसिंगच्या दुकानात टाकून या,” नलू म्हणाली.

इथे मी एक छोटासा निर्णय घेतला. म्हटलं, देवसिंग कशाला? मी सायन्सचा माणूस आहे.

कॉइल म्हणजे शेवटी एक तार. तार जितकी लांब, तितका तिचा करंटला रोध जास्त. तुटलेली दोन टोकं एकमेकांत अडकवली की तार बोटभर आखूड होते, रोध कमी होतो, करंट जास्त जातो, शेगडी आधीपेक्षा कडक तापते. हे मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकलो. (दुसऱ्या वर्षाला काय शिकवतात ते मला माहीत नाही. पहिल्या वर्षाच्या निकालानंतर मी आर्ट्सला गेलो.)

पक्कड घेतली, टोकं अडकवली, बटण दाबलं. कॉइल लालबुंद झाली.

“माय माय,” नलू म्हणाली, “हे तर पहिल्यापेक्षा लवकर तापून राह्यली.”

वाचकहो, लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या बातम्यांमुळे एक तहसीलदार बदलून गेला, एक पूल दुसऱ्यांदा बांधावा लागला. नलूने कधी वर मान करून पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र तिने मला उसळीची दुसरी वाटी न मागता वाढली.

जास्त तापलेली कॉइल लवकर तुटते. ती पुन्हा तुटली, मी पुन्हा जोडली. ती आणखी आखूड झाली, आणखी तापली, आणखी कौतुक झालं. तिसऱ्या वेळी ती तुटलीच नाही. तेव्हा मीच पकडीने चांगला वीतभर तुकडा कापून टाकला. (कौतुकाची सवय फार वाईट.) पुढेपुढे शेगडीच्या मातीच्या ताटलीतली निम्म्या खाचा रिकाम्या दिसू लागल्या, माझ्या टाळूसारख्या. पण पाण्याला आधण म्हणाल तर हां हां म्हणता. मधूनमधून घरातला फ्यूज उडायचा. त्यावर उपाय म्हणून मी फ्यूजमध्ये तांब्याची चांगली पाचपदरी तार पिळून बसवली. मग तोही उडेना. एकूण संसार सुखाचा झाला.

गल्लीत मात्र त्याच सुमारास अन्याय सुरू झाला.

आमच्या समोर इंदूबाई राहते. आधी ती जिनिंगमध्ये कामाला होती. कापसाचे ते वाईट दिवस होते. जिन बंद पडली आणि बायका घरी बसल्या. इंदूबाई बसणाऱ्यांतली नव्हती. तिने बचत गटातून पिठाची चक्की आणली, ओसरीत बसवली, आणि संध्याकाळी वावरातून परतणाऱ्या बाया ज्वारीचे डबे घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. गटाची अट एकच: चक्की चालली पाहिजे. नाही चालली, तर येत्या बैठकीत ती उचलून तांड्यावरच्या लालीबाईला द्यायची. लालीबाई दोनदा येऊन चक्कीची लांबीरुंदी पाहून गेली होती.

आणि नेमकी संध्याकाळी चक्की चालेना. मोटर नुसती हुं हुं करायची आणि दगड हलायचा नाही. कसाबसा हललाच, तर ज्वारीचा भरडा पडायचा. बाया डबे उचलून बाजारातल्या डिझेलच्या चक्कीवर जाऊ लागल्या.

“सदाभाऊ,” इंदूबाई माझ्या ओट्यापाशी येऊन म्हणाली, “तुमी येवढं जगाचं लिहिता. आमच्या गल्लीचं काहून नाही लिहीत? लाइट असून लाइट नाही. माही चक्की गेली तर मी काय लालीबाईच्या दारात डबा घेऊन उभी राहू?”

माझं रक्त उसळलं. अन्याय दिसला की मला जेवण जात नाही. (त्या दिवशी गेलं, कारण वांग्याची भाजी दहा मिनिटांत झाली होती.) मी तिथल्या तिथे इंदूबाईला चक्कीशेजारी उभी करून फोटो काढला आणि त्याच रात्री बातमी पाठवली. वीज ऑफिसची झोप, खांबावरची सडकी तार, गरिबाच्या पोटावर पाय, सगळं सगळं लिहिलं. मथळा दिला: ‘इंदूबाईच्या चक्कीचा गळा कोण घोटतंय?’

बातमी चार कॉलम लागली. सोमवारी संध्याकाळी वीज ऑफिसचे नवे इंजिनिअर, अनिमेष साहेब, मीटर घेऊन गल्लीत हजर. वय पंचविशीचं, शर्ट इस्त्रीचा, बोलणं कमी. माझ्या वाचकांच्या वतीने मी त्यांना अर्धा तास उभ्याउभ्या झापलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले की ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. गल्लीची तार लांब आणि बारीक आहे, त्यामुळे टोकाला व्होल्टेज थोडं पडणारच. पण चक्की थांबावी इतकं पडत असेल तर कोणीतरी भलताच लोड ओढतोय.

“म्हणजे चोर,” मी म्हणालो.

“चोर असं नाही, पण...”

“पण नाही आणि बिण नाही. शोधा त्याला. नाव मी छापतो. गल्लीतला असो, नगरसेवक असो, माझा सख्खा भाऊ असो. माझ्या पेपरात त्याचं नाव ठळक टाइपात येईल.”

एव्हाना समोरच्या ओसरीत ज्वारीचे डबे घेऊन सात-आठ बाया जमल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. इंदूबाईने ऐकलं. मलाही ते फार चांगलं वाटलं.

शेवटच्या खांबावरची तार आमच्या ओट्यावर उतरते, म्हणून साहेबांनी मीटर तिथेच लावला. काटा दोनशे वीसवर. समोर इंदूबाईने बटण दाबलं. चक्की घरघरली आणि पांढरंशुभ्र पीठ पडू लागलं. बाया हसल्या. मी अस्वस्थ झालो. (तक्रार खोटी ठरणं यासारखं दुःख पत्रकाराला दुसरं नाही.)

“आलेच आहेत तर चहा घेतील,” नलू दारातून म्हणाली आणि आत गेली.

मिनिटभरात काटा धाडकन दीडशेवर आला. समोर चक्कीने हुं केलं आणि ती बसली.

“पाहा,” मी म्हणालो. “पाहा स्वतःच्या डोळ्यांनी.”

साहेब पाहत होते. चहा आला. साहेबांनी कप उचलला. काटा वर चढला, चक्की सुरू झाली. कप संपला. साहेबांनी एकदा मीटरकडे आणि एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि म्हणाले, “वहिनी, चहा फार छान झाला. अजून एक मिळेल?”

नलू खूश होऊन आत गेली. काटा खाली. चक्की बंद. चहा आला. काटा वर. चक्की चालू.

तिसरा चहा त्यांनी बिनसाखरेचा मागितला. चौथा मागताना त्यांना तो नकोच होता हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला तर हा निर्लज्जपणा सहनच होईना. समोर एका बाईचा धंदा बुडतोय आणि सरकारी माणूस माझ्या दुधावर तुटून पडलाय. डोक्यात दुसऱ्या बातमीचा मथळा तयार झाला होता, ‘गल्ली हैराण, इंजिनिअर चहात दंग’.

तेवढ्यात कोपरापर्यंत पीठ लागलेले हात घेऊन इंदूबाई रस्ता ओलांडून आली. चौथा कप तिने नीट पाहिला. मग मला पाहिलं.

“सदाभाऊ,” ती म्हणाली, “तुमच्या घरी च्या मांडला का माही चक्की बसते. च्या झाला का उठते. काहून?”

बोलली ती नलू, आणि तेही अभिमानाने.

“आमची शेगडीच तशी आहे साहेब. ह्यांनी स्वतःच्या हातानं दुरुस्त केली. तिनदा. एका वेळी तर कॉइल तुटली नव्हती तरी कापून दिली. दुकानातली नवी शेगडी हिच्यापुढं काहीच नाही. दाखवू का?”

तिने ती दाखवलीच. फडक्यात धरून, आरतीच्या ताटासारखी ओट्यावर आणली. साहेबांनी रिकाम्या खाचांवरून बोट फिरवलं.

“मूळची कॉइल किती होती?” त्यांनी मला विचारलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विज्ञानाचा प्रश्न विचारला की मला राहवत नाही. मी म्हणालो, याच्या दुप्पट. सोपं आहे साहेब. तार निम्मी केली की रोध निम्मा, रोध निम्मा की करंट दुप्पट, आणि करंट दुप्पट की...

वाक्य तिथेच राहिलं.

“बरोबर आहे,” साहेब हळूच म्हणाले. “आणि हा दुप्पट करंट येतो कुठून?”

“तारेतून,” मी म्हणालो.

“कोणत्या?”

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. साहेबांनी, नलूने, इंदूबाईने आणि समोरच्या सगळ्या बायांनी. गल्लीभर लोंबणारी ती बारीक, लांब, म्हातारी तार. तिलाही रोध होताच. जितका करंट जास्त, तितकं व्होल्टेज ती वाटेतच खात होती. (हे बहुधा दुसऱ्या वर्षाला शिकवतात.)

मग साहेबांनी आमचा फ्यूज उघडला आणि पाचपदरी तार बाहेर काढून डोळ्यांसमोर धरली. म्हणाले, दादा, घर जळालं असतं. त्यांनी फ्यूजमध्ये योग्य ती केसासारखी तार घातली, मीटर बॅगेत टाकला आणि जाताना नलूला नमस्कार करून म्हणाले की चहा खरंच चांगला होता, पहिला.

शेगडी देवसिंगकडे गेली. देवसिंग म्हणतो, ही मोडीत घाला. नलू पुन्हा स्टोव्हला पंप मारते आहे आणि उसळीची दुसरी वाटी मला मागूनही मिळत नाही. ते मला लागतं, पण त्याचं काही लिहिता येत नाही.

इंदूबाईची चक्की मात्र संध्याकाळभर चालते. बचत गटाच्या बैठकीत ती तिच्याकडेच ठेवायची असं ठरलं आणि लालीबाईने लांबीरुंदी पाहणं सोडलं. इंदूबाईने माझं नाव गल्लीबाहेर कोणाला सांगितलं नाही. मोठ्या मनाची बाई आहे. फक्त मी ज्वारी घेऊन गेलो की माझा डबा सगळ्यांच्या शेवटी लावते. का, असं मी विचारत नाही.

संपादकांचा दर आठवड्याला फोन येतो. बातमी गाजली, चोर सापडला का, पाठपुरावा कधी पाठवता? मी सांगतो, चौकशी सुरू आहे.

त्या चार कॉलमी बातमीत इंदूबाईचा फोटो आहे, म्हणून तिने ते कात्रण काच लावून चक्कीच्या वर टांगलंय. डबा नंबरात लावून मी रोज संध्याकाळी त्याखाली उभा असतो. नवीन आलेला माणूस मथळा मोठ्याने वाचतो, ‘इंदूबाईच्या चक्कीचा गळा कोण घोटतंय?’, आणि मग विचारतो, काहो, सापडला का मंग तो? बाया पदर तोंडाला लावतात. इंदूबाई चक्कीवरचं पीठ झटकत बसते.

या प्रश्नाचं उत्तर अद्याप कोणीही दिलेलं नाही. मथळ्याच्या लगेच खाली मात्र, पेपरच्या पद्धतीप्रमाणे, ठळक टाइपात माझं नाव छापलेलं आहे.