अर्धा तास तहकूब

आपला प्रोग्रॅम चालवण्याआधी नाना वर्गाकडे वळून विचारायचे, "अनुमोदन कोनाचं?" कोणीतरी हात वर केल्याशिवाय ते एंटर दाबत नसत. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच विचारलं आणि हात वर होईपर्यंत बोट तसंच अधांतरी धरून बसले. पुढे मी निमूटपणे हात वर करायला लागले, कारण माझी जागा त्यांच्या शेजारी होती आणि मला माझं काम उरकायचं होतं.

अभ्यासक्रम विद्यापीठाचा, प्रोग्रॅमिंगचा. एरवी सहा महिने चालणारा, पण बीडला तो दीड महिन्यात संपवायचा घाट घातला होता. शिकवायला आलेले सर असे सुटायचे की खाली पडलेलं पेन उचलायला वाकावं, तर वर येईपर्यंत फळ्यावर नवा धडा. मी नेकनूरहून एसटीनं यायची आणि बस चुकली की एक अख्खं प्रकरण चुकायचं. वर्गात सगळे विशीतले आणि त्यांच्यामध्ये धोतर-टोपीतले, साठी ओलांडलेले नाना. पालीच्या पुढच्या एका लहान गावातल्या दूध सोसायटीचे ते चेअरमन. प्रवेश घेताना ऑफिसातल्या बाईंनी वयाबद्दल कुरकुर केली, तेव्हा वयाची अट कुठं लिहिलीय ते दाखवा म्हणाले. बाईंना ती दाखवता आली नाही.

चेअरमनकी त्यांच्या अंगात मुरली होती. प्रोग्रॅम चालला की म्हणायचे, "मंजूर." चूक निघाली की "हरकत आली." आणि संगणक अडकून बसला की टेबलावर दोन्ही हात ठेवून जाहीर करायचे, "सभा अर्धा तास तहकूब." सोसायट्यांचा नियमच आहे तसा. सभेला पुरेशी माणसं जमली नाहीत तर ती अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी, हजर असतील तेवढ्यांत घ्यायची. नानांनी तो नियम यंत्रालाही लावला होता. सर काकुळतीला येऊन म्हणायचे, नाना, माझा तास पन्नास मिनिटांचा आहे हो. नाना शांतपणे म्हणायचे, "तुमी चला म्होरं. आमी येतो मागून."

आणि यायचे, हे मात्र मान्य केलं पाहिजे. लूप म्हणजे काय ते मला सरांकडून कळलं नव्हतं, नानांकडून कळलं. सायकलला कॅन लावून दारोदार दूध गोळा करायचं आणि शेवटचं दार झालं की डेअरीवर यायचं, हा लूप. दारं संपली तरी फिरतच राहायचं, हा अनंत लूप. असा एक गडी सोसायटीत होता, त्याला काढून टाकावं लागलं. वर "जमतंय की, न जमायला काय झालं?" हे ठरलेलंच.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते एकदा डबा खाताना कळलं. दोन वर्षं पाऊस नव्हता. बिंदुसरेच्या धरणात चिखलसुद्धा उरला नव्हता. गावातली निम्मी जनावरं छावणीत, निम्मी विकलेली, डेअरीत दुधाचा थेंब येत नव्हता. दसरा झाला आणि गावातली धडधाकट माणसं कोयते घेऊन कारखान्यांवर ऊस तोडायला गेली. सोसायटीचा सचिवही त्यांच्यातच. तालुक्याच्या साहेबांनी निरोप धाडला होता की हिशेब संगणकावर आणा, संस्था चालू ठेवण्याचा सभेचा ठराव द्या, नाहीतर सोसायटी बंद करतो.

"बंद झाली तर काय बिघडलं?" मी विचारलं. मी जरा फटकळच आहे.

"मानसं काय कायमची गेलीत व्हय?" नाना म्हणाले. "परत आली की म्हशी घेतील. मंग दूध कुटं घालतील? दार उघडं पायजे की न्हाई?"

परीक्षेसाठी त्यांनी दूध संकलनाचाच प्रोग्रॅम लिहिला. सभासदाचा नंबर, लिटर, फॅट आणि शेवटी दिवसाच्या सगळ्या दुधाची सरासरी फॅट. परीक्षेच्या दिवशी सरांनी सांगितलं, आकडे भरा आणि चालवून दाखवा. नानांनी एकेक सभासद घेतला आणि प्रत्येकापुढे शून्य भरलं. मी अनुमोदन दिलं. एंटर दाबला आणि प्रोग्रॅम कोसळला. सरासरी काढायला एकूण दुधानं भागायचं होतं आणि शून्यानं भागता येत नाही.

सर भले होते. म्हणाले, नाना, कुठलेही आकडे टाका, दहा लिटर, वीस लिटर. नुसती चाचणी आहे.

"आलंच न्हाई ते दूध लिहू कसं?" नाना म्हणाले. "खोटं दूध लिहिनारा चेअरमन हुता आमच्यात. त्याला पाडूनच मी आलो."

आणि त्यांनी सभा तहकूब केली. भर परीक्षेत, अर्धा तास. माझं डोकंच फिरलं. माझा पेपर राहिला बाजूला, मी त्यांच्या कानाशी दहा लिटर, दहा लिटर करत होते. ते डोळे मिटून बसले होते. त्यांच्या वतीनं मीच आकडे टाकावेत असं क्षणभर मनात आलं, पण त्यांचे हात कळफलकाच्या पुढ्यातच होते.

अर्ध्या तासानं डोळे उघडून त्यांनी दोन ओळी घातल्या. एकूण दूध शून्य असेल तर भागाकार करायचा नाही, पडद्यावर लिहायचं: आज संकलन नाही, संस्था चालू आहे. मग माझ्याकडे वळून अनुमोदन मागितलं. मी हात वर केला, पण राग उतरला नव्हता. नाना पास झाले. माझ्यापेक्षा दोन मार्क कमी पडले त्यांना, हे मी मुद्दाम सांगते.

ठरावाच्या सभेला त्यांनी मला बोलावलं, संगणक जोडून द्यायला. गावात शिरले तर दारोदार कुलपं. डेअरीपुढे मात्र अख्खं गाव मावेल एवढी सतरंजी अंथरलेली, माठ भरलेला, पेले धुऊन ओळीनं मांडलेले. सभासद आले एक, काठी टेकत, बप्पा नावाचे म्हातारे. नानांनी सभा अर्धा तास तहकूब केली आणि तो अर्धा तास ते रस्त्याकडे बघत बसले. कोणी येणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं. वर्गात हा माणूस रोज अनुमोदन का मागत होता, ते तेव्हा कळलं.

मग सभा झाली. संस्था चालू ठेवावी असा ठराव बप्पांनी मांडला. अनुमोदनाला कोणी नाही म्हणून नाना खुर्चीवरून उठले, सतरंजीवर येऊन बसले, सभासद म्हणून हात वर केला आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. मी हसले नाही.

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा," नाना रिकाम्या सतरंजीला म्हणाले. बप्पांनी केला. मीही केला.

नाना माझ्याकडे बघत राहिले. "तू सभासद न्हाईस, माय. मोजता यायचा न्हाई."

मी हात खाली घ्यायला लागले.

"राहू दे," ते म्हणाले. "जरा येळ राहू दे वर."