भीमा बहुरूप्याची गैरहजेरी

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच वाईट वाटेल. चाकूरच्या स्टँडसमोर, सिंधुच्या हाटेलात बसून माझी उमर गोष्टी सांगण्यात गेली. मी खरं बोललो असा आळ आजवर कुणी माझ्यावर घेतलेला नाही. पण ही गोष्ट खरी आहे. ती सांगितली त्या दिवशी गुरुबसप्पा किराणावाल्यानं हातातला चहा गार होऊ दिला, आणि तो चहा त्यानं स्वतःच्या खिशातून घेतलेला होता. (यावरून गोष्टीचं वजन ओळखावं.)

पहिलं तत्त्व असं, की ज्या माणसाचं कुणी ऐकत नाही त्याचा आवाज ऐकायचा असेल तर आधी सभागृह लागतं, मग माईक लागतो, मग समिती लागते. माणूस सगळ्यात शेवटी लागतो. नाही मिळाला तरी कार्यक्रम अडत नाही.

हे तत्त्व दिल्लीच्या एका प्रतिष्ठानाला आपल्या आधी कळलं. कलेच्या क्षेत्रात ज्या समाजांना पुरेसं प्रतिनिधित्व मिळालेलं नाही, त्यांच्या सर्वसमावेशक उपक्रमांना अनुदान देण्यात येईल, अशी त्यांनी जाहिरात काढली. जाहिरात इंग्रजीत होती आणि फक्त संकेतस्थळावर होती. उपेक्षितांना दहा ठिकाणी शोधत हिंडावं लागू नये, हा त्यामागचा उदात्त हेतू. तोवर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत उपेक्षित कलावंत किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जाहिरातीनंतर त्यांची संख्या दोन्ही जिल्ह्यांच्या लोकसंख्येच्या वर गेली. (काहींनी दोन्हीकडून अर्ज केले होते.)

अटी मात्र सोप्या होत्या. संस्था जुनी नोंदणीकृत हवी. लेखापरीक्षण झालेलं हवं. स्वतःचं सभागृह हवं. पूर्वी कुठलं तरी अनुदान मिळाल्याचा दाखला हवा. आणि समाज पूर्णपणे साधनहीन हवा.

हे सगळं एका जागी जमवणारा माणूस आमच्याकडे एकच, महादेवप्पा. त्याचं मंगल कार्यालय आहे, बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि ‘सर्वसमावेशक लोककला संवर्धन व बहुउद्देशीय सेवाभावी संस्था’ आहे. (दुकान आणि कार्यालय हे तिचे बहुउद्देश.) सभागृह तयार, दाखले तयार. साधनहीन समाज तेवढा बाहेरून आणावा लागणार होता, म्हणून त्यानं भीमाला बोलावणं धाडलं.

भीमा बहुरूपी. त्याचा बाप बहुरूपी, आजा बहुरूपी. चाकूर, औसा, पार तिकडे नायगावपर्यंत त्यांचा फेरा. कधी फौजदार होऊन यायचं, कधी तलाठी, कधी वसुलीवाला. यायचं आणि तुमच्या कोंबड्यानं पहाटे आरवून शांततेचा भंग केला म्हणून तुम्हालाच जप्तीची धमकी द्यायची. घरधनी घाबरायचा, बायका खिडकीतून हसायच्या. मग गाव सोडायच्या आधी टोपी काढायची, हात जोडायचे, आपलं, बापाचं आणि आज्याचं नाव सांगायचं. तिथं सोंग संपलं. मग सुपातून ज्वारी. टोपी काढल्याशिवाय ज्वारी घ्यायची नाही आणि सोंग चालू असताना टोपी काढायची नाही, एवढाच त्यांचा कायदा.

अलीकडे मात्र गावं फार सावध झाली आहेत. अनोळखी माणूस दिसला की पोरं पळवणारी टोळी आली म्हणून फोन फिरतात. टोळी कुणी पाहिलेली नाही, पण मेसेज सगळ्यांनी पाहिलेला आहे. औशाकडच्या एका वाडीत भीमाला दोनदा धरला. दोन्ही वेळा टोपी काढायला मोकळीक मिळाली म्हणून वाचला.

म्हणून तो महादेवप्पाला म्हणाला, “अप्पा, मला पैका नको. फोटूचं, शिक्क्याचं एक कारड तेवढं द्या. गळ्यात घालून फिरतो. कुणी धरलं तर दाखवाया.”

“कार्ड मिळतंय की,” महादेवप्पा म्हणाला. “पण फोटो कोणत्या सोंगाचा लावायचा?”

“बिनसोंगाचा लावा.”

“तसा तुला वळखतंय कोण?”

भीमानं यावर विचार केला. शेवटी असं ठरलं की दिल्लीहून मूल्यमापन अधिकारी ऋतुजा मॅडम तपासणीला येणार आहेत, त्यांच्यासमोर त्यानं सोंग आणायचं. मॅडमना पटलं की कार्ड.

तपासणीच्या दिवशी मी हजर होतो. (मंगल कार्यालयात जेवण असताना मी गैरहजर राहिल्याची नोंद नाही.) महादेवप्पानं जय्यत तयारी केली होती. कार्यालयातले वाढपी निळे रंगवून त्यांचे शंकर केले होते. दोन पुतण्यांना शेपट्या लावून हनुमान केलं होतं. मागे फलक होता, ‘परिघावरचे मुखवटे’. एका शंकरानं मध्येच वरणाची बादली उचलली तरी मॅडमचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, “किती ऑथेंटिक आहे हे.”

तेवढ्यात दारात एक साहेब आला.

सफारी, डोक्यावर टोपी, काळा चष्मा, बगलेत फाईल. आल्या आल्या त्यानं पंखा बंद करायला लावला. मग चालू करायला लावला. खुर्ची बदलून मागितली. पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं आणि पाणी प्यायला नाही. महादेवप्पा हात पुसत पुढे धावला. मॅडम उभ्या राहिल्या. निळे शंकर भिंतीला लागले.

“मी जिल्हा समावेशन निरीक्षक,” साहेब म्हणाला. “हितं कोण कोणाला समाविष्ट करतंय?”

असं पद जिल्ह्यात असावं असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून वाटलं.

“आपलं ओळखपत्र?” त्यानं मॅडमना विचारलं.

मॅडमनी गळ्यातलं कार्ड काढून दिलं. ते त्यानं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. तेवढा एक क्षण साहेब जरा हलला असं मला वाटलं. मग त्यानं कार्ड परत दिलं.

“तुमच्या उपक्रमात उपेक्षित किती?”

“सर, शंभर टक्के.”

“आन तुमच्या समितीत?”

मॅडम म्हणाल्या, “सर, ते पुढच्या टप्प्यात आहे.”

“दोन चमचे बासुंदी घ्या ना साहेब,” महादेवप्पा मधेच म्हणाला. साहेबानं बासुंदीलाही कारणे दाखवा नोटीस द्यावी तसं पाहिलं. मी साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ साहेब पाहिले. इतका अस्सल एकही पाहिला नाही, कारण बाकीचे खरे होते.

आता टोपी उतरायची वेळ झाली होती. भीमानं फाईल खाली ठेवली, डोक्याकडे हात नेला, आणि मॅडमनी घड्याळ पाहिलं. लातूरहून त्यांची गाडी होती. “सर, आपल्या सहकार्याबद्दल आभार,” म्हणून त्या निघाल्यासुद्धा. भीमा टोपी हातात घेऊन मोटारीमागे पळत सुटला. “बाई, भीमा हाव मी, किसन्याचा लेक, रामा बहुरूप्याचा नातू,” असं तो सांगत होता. मॅडमनी काच थोडी खाली केली आणि अदबीनं म्हणाल्या, “सर, सोडायला येण्याची खरंच गरज नव्हती.”

महिन्याभरात अहवाल आला. अनुदान संस्थेला मंजूर. निळे शंकर ‘लुप्त होत चाललेली परंपरा’ म्हणून गौरवले गेले. स्थानिक प्रशासनाच्या दक्षतेचं खास कौतुक केलेलं होतं. आणि भीमा बहुरूपी, उपेक्षित कलावंत, याच्या नावापुढे शेरा होता: तपासणीवेळी गैरहजर.

भीमा कार्यालयात गेला. “अप्पा, त्यो सायेब मीच व्हतो. तुमी सोता मला बासुंदी दिली.”

“हाव, ठाव हाय मला,” महादेवप्पा म्हणाला. तो मनाचा वाईट नाही. “पळताना टोपी काढलीस तवाच वळखलं. पण मी मॅडमला काय कळवू? साहेबाला उपेक्षित कसं म्हनावं?”

“मग कारड?”

“कार्ड हजर असलेल्या कलावंताला. पुढल्या बारीला जरा कच्चं सोंग आण.”

यात महादेवप्पाचं काही चुकलं नाही आणि मॅडमचंही नाही. कला थोडी कमी असती तर भीमाचं काम झालं असतं. वाढप्यांना कार्डं मिळाली, ती ते पंगतीतसुद्धा गळ्यात घालतात. (वरणात बुडू नयेत म्हणून पाठीवर सोडतात.)

इथवर गोष्ट साधी आहे. पुढचं ऐका. एवढा हुन्नर वाया कसा जाईल? दिल्लीहून मॅडमचा फोन आला, की त्या दिवशीचे निरीक्षक साहेब आम्हाला समितीवर हवेत. भीमा साहेब झाला, कायमचा. आता तो नायगावकडच्या गावांत तपासणीला जातो. परवा असाच एका गावात उतरला, तर सगळं गाव गोळा झालं. त्याला पुढे जाऊच देईनात. दोघांनी हात धरले, दोघांनी खांदे धरले, खांबापाशी नेऊन मधोमध उभा केला. प्रत्येकानं फोन बाहेर काढला. एवढी गर्दी कुठल्या पुढाऱ्यालाही जमली नसेल. परतताना साहेब गाडीत आडवा होऊन आला, आणि नांदेडपर्यंत सगळी वाहनं रस्ता सोडून बाजूला होत होती.

इथे सिंधुनं किटली खाली ठेवली.

“आबा, खोटं बोलून राहिले तुमी,” ती म्हणाली. “भीमा सायेब बियेब कायबी झाला न्हाई. पोरं पळविनारा म्हनून खांबाला बांधून मारला त्याला. नांदेडला दवाखान्यात पडलाय, आन तुमीच त्याला हितून डबा नेता.”

मी बाकड्याखालचा रिकामा डबा पायानं मागे सारला.

“व्हिडिओ आलता खरा,” गुरुबसप्पा चहाकडे बघत म्हणाला. “पन मला वाटलं...”

“सगळ्यालाच वाटलं,” सिंधु म्हणाली. “ह्याच बाकड्यावर बसून पाहिला न्हाई का आपन? टोपी काढून नाव सांगून राहिलता त्यो. बापाचं सांगितलं, आज्याचं सांगितलं. आन आपन म्हनलो, लई भारी सोंग वठवलंय. हसलो, आन दिला पुढं धाडून.”